बटणाचे २८८ व्हेरियंट झाले, तरी लायब्ररी कोणी वापरत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. छत्रपती संभाजीनगरातली लहान कंपनी, तुम्हाला कामाला लागून आठ महिने झालेत आणि डिझायनर म्हणून तुम्ही एकटेच आहात. उत्पादनं तीन: शेतकऱ्यांचं मोबाइल ॲप, मोंढ्यातल्या आडत्यांसाठी वेब पॅनल आणि कंपनीच्या माणसांसाठी हिशेबाची आतली वेबसाइट. तिन्हींसाठी एकच सामायिक कंपोनंट लायब्ररी, म्हणजे बटण, चौकट अशा पुन्हा पुन्हा वापरायच्या भागांचा संच, सहा आठवड्यांत करा असं सरांनी सांगितलंय. दोन आठवडे एकट्या बटणात गेले. व्हेरियंट, म्हणजे त्या एका बटणाची वेगवेगळी रूपं, २८८ झाले, फिग्मा या डिझाइनच्या साधनातली फाइल जड झाली आणि डेव्हलपर म्हणतात, "छान आहे, पण आमच्याकडे आमचं बटण आहे." आता पुढे काय, सरळ मटेरियल, म्हणजे गूगलची तयार लायब्ररी, उचलावं का, आणि मराठी अक्षरं बटणात वरून-खालून कापली जातात त्याचं काय, असे तुमचे तीन प्रश्न.

डेव्हलपरच्या त्या वाक्यातच खरी अडचण आहे. त्यांच्याकडे बटण आहे हे खरंच आहे. बहुधा तीन उत्पादनांत मिळून पाच-सात असतील आणि प्रत्येकाची उंची वेगळी असेल. तुम्ही त्यात आठवं काढलंत. सामायिक लायब्ररी हा एक करार असतो: बटण म्हणजे काय, त्याचं नाव काय, ते बदलायचा हक्क कोणाचा. फिग्माची फाइल ही त्या कराराची एक प्रत, कोड ही दुसरी. करार न करता एकच प्रत सुबक अक्षरात लिहिली की ती कपाटात जाते. म्हणून उरलेल्या चार आठवड्यांत चित्र काढणं कमी करा. मोजणं आणि ठरवणं वाढवा.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी तपासा. पहिली, कोड कशात आहे, म्हणजे ॲप आणि वेबसाइट घडवायच्या कोणत्या साधनात. मोबाइल ॲप फ्लटरमध्ये आणि वेब रिॲक्टमध्ये असेल तर कोडमधले कंपोनंट सामायिक होऊच शकत नाहीत. सामायिक होतात ते टोकन, म्हणजे रंग, अंतरं आणि अक्षरांची मापं यांची नावं आणि मूल्यं, आणि वागणुकीचे नियम. सगळं रिॲक्टमध्ये असेल तर गोष्ट बरीच सोपी. दुसरी, एखाद्या डेव्हलपरचे आठवड्याला निदान चार तास या कामासाठी मिळणार आहेत का. मिळणार नसतील तर सरांना आजच स्पष्ट सांगा की सहा आठवड्यांनी हातात येईल ती फिग्मापुरती लायब्ररी. उत्पादनं आहेत तशीच दिसतील. हे उशिरा सांगितलं तर दोष तुमच्यावर येतो. तिसरी, तुमच्या फिग्मा प्लॅनमध्ये कंपोनंट लायब्ररी म्हणून प्रकाशित करता येतात का. हे पाचव्या आठवड्यात कळून उपयोग नाही.

आता ते २८८. हिशोब सोपा आहे: चार प्रकार, तीन आकार, सहा अवस्था, आयकॉन आहे किंवा नाही, मराठी किंवा इंग्रजी. ४ × ३ × ६ × २ × २ = २८८. व्हेरियंटमध्ये नवा गुणधर्म टाकला की गुणाकार होतो, बेरीज नाही. भाषा हा व्हेरियंट नव्हेच. लेबल, म्हणजे बटणावरचा शब्द, टेक्स्ट प्रॉपर्टी करा, म्हणजे तो जागेवरच बदलता येईल. निम्मे गेले. आयकॉन बुलियन प्रॉपर्टीवर ठेवा, म्हणजे दाखवा-लपवा, आणि कोणता आयकॉन हे इन्स्टन्स स्वॅपवर, म्हणजे जागच्या जागी अदलाबदलीवर सोडा. पुन्हा निम्मे गेले, ७२ उरले. आकार तीन कशाला? मोबाइलला ४८ उंचीचं आणि वेब पॅनलला ४० उंचीचं, बस. ४८ राहिले. त्यात मोबाइलच्या आकाराला होव्हर, म्हणजे माउस वर नेल्यावरची, अवस्था नसतेच, म्हणून आणखी चार गळतात. ४४. हे एका माणसाला सांभाळता येतात. दोन आठवडे वाया गेले असं समजू नका, त्या सहा अवस्था तुम्ही विचार करून लिहिल्यात आणि त्या तशाच वापरायच्या आहेत.

४८ आणि ४० कुठून आले तेही सांगतो, कारण डेव्हलपर विचारणारच. अँड्रॉइडची शिफारस बोटाने दाबायच्या जागेसाठी ४८ डीपी (अँड्रॉइडचं माप) आहे, ॲपलची ४४ पॉइंट. डब्ल्यूसीएजी २.२, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीची नियमावली, जी ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, तिची एए, म्हणजे मधल्या, पातळीची किमान अट २४ × २४ पिक्सेलची आहे, पण ती तळरेषा झाली. माउसने चालवायच्या पॅनलला ४० पुरतं. एका पडद्यावर जास्त ओळी बसाव्यात ही मुनिमांची गरज खरी आहे, तिथे ४८ चा हट्ट नको.

बटण बाजूला ठेवून उद्यापासून अडीच-तीन दिवस मोजदाद करा. तिन्ही उत्पादनांच्या प्रत्येक स्क्रीनचा स्क्रीनशॉट घ्या. नेट गेलेला, यादी रिकामी असलेला, एरर आलेला हे स्क्रीनही घ्या. सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच असतो, कारण ते कोणी डिझाइन केलेलेच नसतात. मग एका पानावर सगळी बटणं कापून शेजारी शेजारी लावा, दुसऱ्यावर सगळ्या मजकुराच्या चौकटी, तिसऱ्यावर सगळे संदेश. डेव्हलपरला कोडमध्ये रंगांचे हेक्स कोड शोधून त्यांची यादी द्यायला सांगा, तासाभराचं काम आहे. एका शीटमध्ये पाच रकाने करा: काय, कोणत्या उत्पादनात, किती ठिकाणी, कोडमध्ये नाव काय, आणि निर्णय. निर्णय तीनच: राहील, दुसऱ्यात मिसळेल, जाईल. निर्णयाचा रकाना सध्या रिकामा ठेवा. मोजता मोजता दुरुस्त करायचा मोह होतो, आणि तसं केलं की मोजदाद कधी पुरी होत नाही.

हे पान घेऊन तिन्ही उत्पादनांच्या डेव्हलपरांसोबत एक तास बैजवार बसा. तुमचं बटण दाखवू नका. त्यांची सगळी बटणं एका ओळीत दाखवा आणि विचारा, यातलं कोणतं ठेवायचं? जे सगळ्यांत बरं लिहिलेलं आहे त्याचाच कोड पाया म्हणून घ्या आणि तुमच्या अवस्था त्यात घाला. आपलं बटण लायब्ररीत गेलं म्हटल्यावर तो डेव्हलपर ते दुसऱ्याकडून वापरून घेतो. हा डावपेच वाटेल, पण त्याचा कोड रोज चालतोय आणि तुमचा अजून लिहायचाय, एवढं साधं कारण आहे.

मोजदादीतून पहिल्या हप्त्यासाठी सातच गोष्टी उचला: बटण, मजकुराची चौकट, निवड यादी, चेकबॉक्स-रेडिओची जोडी, संदेशपट्टी, रिकामी आणि लोडिंग अवस्था, आणि रकमेची ओळ, म्हणजे डावीकडे नाव, उजवीकडे आकडा. शेवटची कोणत्याही तयार लायब्ररीत तशीच्या तशी मिळणार नाही, पण तुमच्या धंद्यात पट्टी, हमाली, तोलाई, उचल, देणं-येणं सगळं याच ओळीत मांडलं जातं. तारीखनिवड, आलेख, वरचा मेनू यांना हात लावू नका. एखादी गोष्ट एकाच उत्पादनात लागत असेल तर ती तिथेच राहू द्या. दुसऱ्या उत्पादनाला लागली की लायब्ररीत यायचा तिचा हक्क सुरू होतो.

टोकनचे दोन थर पुरेत. खालच्या थरात नुसते रंग: हिरवा-८००, राखाडी-१०० (आकडा म्हणजे छटा). वरच्या थरात काम: मुख्य कृती, धोका, मजकूर, मजकूर-फिका, कडा. कंपोनंटने फक्त वरच्या थराशी बोलायचं. तिसरा थर, म्हणजे प्रत्येक कंपोनंटचं वेगळं टोकन, मोठ्या कंपन्यांचं बघून घ्यावासा वाटतो; तीन उत्पादनांना त्याचं ओझंच होतं. नाव रंगावरून दिलं तर काय होतं? 'हिरवं बटण' असं नाव दिलं आणि पुढच्या वर्षी ब्रँड निळा झाला, की निळ्या बटणाचं नाव हिरवं बटण. फिग्मात हे व्हेरिएबलमध्ये ठेवा, आणि एक जेसन फाइल (नावं आणि मूल्यं लिहिलेली साधी मजकूर-फाइल) काढून डेव्हलपरला द्या. स्टाइल डिक्शनरी नावाचं मुक्त साधन आहे, ॲमेझॉनमध्ये तयार झालेलं. ते त्या एका फाइलमधून वेबसाठी सीएसएस आणि फ्लटरसाठी डार्ट अशा दोन्ही फाइली काढून देतं. ॲप आणि पॅनल वेगळ्या भाषेत असतील तर तुमच्या लायब्ररीचा सगळ्यात टिकाऊ भाग हीच फाइल. अंतरांसाठी ४, ८, १२, १६, २४, ३२ एवढीच मापं ठेवा. कोणी १० मागितलं तर ८ किंवा १२ घ्यायला लावा.

रंग ठरवताना शेतीचं ॲप म्हणजे हिरवा, हे ठरलेलंच असतं. अडचण अशी, की मटेरियलच्या जुन्या रंगपट्टीतला हिरवा-५०० घेऊन त्यावर पांढरी अक्षरं टाकली तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, जेमतेम २.८:१ येतो. डब्ल्यूसीएजीची एए पातळीला साध्या मजकुरासाठी अट ४.५:१ ची आहे, मोठ्या अक्षरांना ३:१. त्याच पट्टीतला हिरवा-८०० घेतला तर ५.१:१ मिळतो आणि डोळ्याला तो हिरवाच वाटतो. भगव्यासारख्या नारिंगी रंगावर पांढरी अक्षरं तर विसराच. तिथे अक्षरं काळी घ्या. शेतकऱ्याच्या ॲपमधल्या मुख्य मजकुरासाठी मी ७:१ च्या खाली जात नाही. एप्रिलच्या उन्हात, बांधावर, कमी ब्राइटनेसच्या फोनवर ४.५ आणि ७ मधला फरक कोणालाही दिसतो. आडतीच्या गाळ्यात, ट्यूबलाइटखाली, ४.५ चालतं.

मराठी अक्षरं कापली जाण्याचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय, मी तो सगळ्यांत आधी घेतला असता. बटणाचा सांगाडा इंग्रजी शब्दावर बांधला आणि मग मराठी ओतली की हेच होणार. इंग्रजी अक्षराला वर-खाली थोडीच जागा लागते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा पाय. 'पूर्ती' हा एकच शब्द घ्या: पहिल्या अक्षराला खाली दीर्घ उकार, दुसऱ्याला वर रफार आणि वेलांटी दोन्ही. १४ च्या अक्षराला २० ची ओळ असेल आणि शिवाय ओव्हरफ्लो, म्हणजे चौकटीबाहेर जाणारा भाग, लपवलेला असेल तर या शब्दाचा उकार किंवा रफार जातोच. ओळीची उंची १४ ला २४, १६ ला २८, २० ला ३२ अशी धरा. एकाच ओळीच्या बटणात १६ ला २४ भागतं, पण चौकटीची उंची पक्की बांधू नका. किमान उंची द्या आणि वर-खाली पॅडिंग (मोकळी जागा), म्हणजे मजकूर दोन ओळींचा झाला तर बटण वाढेल. १२ चं देवनागरी अक्षर कुठेच ठेवू नका, जोडाक्षरांचा गोळा होतो. १४ ही खालची हद्द.

फॉन्टचा घोळ याहून छुपा असतो. इंटर आणि रोबोटो या दोन्हींत देवनागरी अक्षरंच नाहीत. तुम्ही फिग्मात इंटर निवडून मराठी टाइप करता तेव्हा फिग्मा गुपचूप दुसरा फॉन्ट लावतं. ब्राउझर तिसरा लावतो, फोन चौथा. म्हणून फिग्मात बसलेला शब्द फोनवर बसत नाही, आणि डेव्हलपरवर उगाच खापर फुटतं. देवनागरी आणि रोमन दोन्ही असलेलं एकच कुटुंब घ्या. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त हा चांगला पर्याय आहे, मोफत आहे आणि त्यात जाडीचे पुरेसे प्रकार आहेत. नोटो सान्स देवनागरीही चालेल. वेबवर ओळीची उंची आकड्यात लिहा, 'नॉर्मल' वर सोडू नका. नाहीतर ज्या ओळीत मराठी नाव आलं ती उंच आणि ज्या ओळीत नुसता गाडी नंबर ती बुटकी, असा डुगडुगता तक्ता होतो. अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. मटेरियलच्या अक्षरशैलींत ते थोडं वाढवलेलं येतं, आणि देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते. पानाची भाषा मराठी अशी नोंदवायला सांगा. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत तिथे ते त्याशिवाय उमटत नाहीत, हिंदी वळणाचे येतात. चालून जातं, पण मराठी वाचणाऱ्याला खटकतं.

प्रत्येक कंपोनंटसाठी तपासणीचे शब्द ठरवून ठेवा आणि 'लेबल' किंवा 'बटण' असा खोटा मजकूर फाइलमधून काढून टाका. आपल्याकडे हे शब्द आयतेच आहेत. निवड यादीत मराठवाड्याचे आठ जिल्हे भरा: एका टोकाला 'बीड', दुसऱ्या टोकाला 'छत्रपती संभाजीनगर'. जी चौकट दोघांना नीट दाखवते ती बरी. मग बाजार समित्यांची यादी भरा, आणि खरी गंमत तिथे दिसेल. 'कृषी उत्पन्न बाजार समिती, लातूर' आणि 'कृषी उत्पन्न बाजार समिती, नांदेड' या दोन्ही नावांचं अरुंद फोनवर 'कृषी उत्पन्न बाजार स…' होतं. दोन ओळी, दोन्ही सारख्याच. शेतकऱ्याने निवडायचं काय? म्हणून लायब्ररीत नियम लिहा: यादीतला मजकूर कापायचा नाही, दुसऱ्या ओळीवर न्यायचा, आणि वेगळेपण सांगणारा शब्द आधी, म्हणजे 'लातूर बाजार समिती'. शिवाय यादीतली निवड साठवताना नाव साठवू नका, कोड साठवा. २०२३ मध्ये दोन जिल्ह्यांची नावं बदलली तेव्हा ज्यांच्या डेटाबेसमध्ये नावच साठवलं होतं त्यांच्याकडे एकाच जिल्ह्याच्या नोंदी दोन नावांत विखुरल्या असणार. हे डेव्हलपरचं काम असलं तरी कंपोनंटच्या वर्णनात एक ओळ लिहायला काही जात नाही.

आता एकच कंपोनंट जवळून बघू: आडतीच्या पॅनलवरची भावाची चौकट, म्हणजे मजकुराच्या चौकटीचाच एक प्रकार. तिचे भाग सहा. वर लेबल 'भाव', आत डावीकडे रुपयाचं चिन्ह, मध्ये आकडा, आत उजवीकडे 'प्रति क्विंटल', खाली मदतीची ओळ, आणि त्याच जागी चूक झाली तर चुकीची ओळ. खालच्या ओळीची २४ ची जागा आधीपासून राखून ठेवा. नाहीतर चूक आली की सगळा फॉर्म खाली सरकतो आणि मुनिमाचा क्लिक 'जतन करा' ऐवजी 'रद्द करा' वर पडतो. चौकटीतल्या फिक्या मजकुरालाच लेबल बनवू नका, टाइप करायला लागलं की ते नाहीसं होतं.

डेव्हलपर सवयीने या चौकटीला 'नंबर' प्रकार देईल. त्यात तीन उणिवा आहेत. चौकट निवडलेली असताना माउसचं चाक फिरलं की आकडा बदलू शकतो आणि तो बदललाय हे कोणाच्या लक्षात येत नाही. हजारा-लाखाचा स्वल्पविराम तिला चालत नाही. आणि देवनागरी आकडे टाकले तर ती ते घेत नाही. म्हणून प्रकार साधा मजकूर ठेवा, कीबोर्ड फक्त आकड्यांचा उघडेल अशी सूचना द्या, आणि देवनागरी आकडे आले तर आत बदलून घ्या. स्वल्पविराम टाइप करताना घालू नका, कर्सर उड्या मारतो. चौकटीतून बाहेर पडल्यावर घाला. दाखवताना आकडे कोणत्या लिपीत हे तिन्ही उत्पादनांत एकदाच ठरवा. ब्राउझरच्या आकडे मांडण्याच्या सोयीला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची खूण) दिली की १,२५,००० असं देवनागरीत आपोआप येतं. रोमन आकडे हवे असतील तर ते वेगळं सांगावं लागतं. एका स्क्रीनवर असे, दुसऱ्यावर तसे, हे बहुधा यामुळेच होतं.

या चौकटीला 'चूक' आणि 'सावधान' अशा दोन वेगळ्या अवस्था लागतात. चूक अडवते: रिकामं, अक्षरं, शून्य. सावधान अडवत नाही, विचारते. ४,८०० ऐवजी ४८,००० पडलं तर 'भाव नेहमीपेक्षा दहापट दिसतोय, एकदा बघा' असं म्हणायचं आणि तरी पुढे जाऊ द्यायचं, कारण बाजाराचा भाव सॉफ्टवेअरने ठरवायचा नसतो. संदेशात 'अवैध इनपुट' नको. 'भाव रुपयांत टाका, उदा. ४८००' असं हवं. रंगावर एकट्यावर भिस्त ठेवू नका; लाल कडेबरोबर चिन्ह आणि शब्दही हवेत. आणि हमीभावासारखी माहिती कंपोनंटच्या आत कधीही बसवू नका. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ होता, २०२५-२६ ला ५,३२८ झाला. कंपोनंटने फक्त मदतीची ओळ द्यायची, ओळीत काय लिहायचं ते उत्पादनाने ठरवायचं. सामायिक लायब्ररी सडायला सुरुवात होते ती बहुतेक वेळा अशाच, आत जाऊन बसलेल्या धंद्याच्या माहितीने.

बटणाच्या लोडिंग अवस्थेबद्दलही दोन शब्द. आवक जोरात असते, नेट रेंगाळतं, मुनीम 'सौदा नोंदवा' दोनदा दाबतो आणि सौदा दोनदा पडतो. पहिल्या दाबालाच बटण लोडिंगमध्ये जायला हवं, दुसरा दाब घ्यायला नको, आणि रुंदी तीच राहायला हवी. त्या वेळचा मजकूर 'नोंद होत आहे'. सर्व्हरनेही दुसरी नोंद ओळखून टाकायला हवी, एकट्या बटणावर ती जबाबदारी टाकता येत नाही. बंद अवस्था मात्र मी शक्यतो टाळतो. फिकं बटण उन्हात दिसत नाही, आणि ते बंद का आहे हे ते सांगत नाही. चालू ठेवा, दाबल्यावर काय राहिलंय ते दाखवा.

शब्दांचाही एक छोटा तक्ता लायब्ररीतच ठेवा. एका उत्पादनात 'भाव', दुसऱ्यात 'दर', तिसऱ्यात 'रेट' असेल तर दिसणं एक करून काय साधलं? मोंढ्यात भाव म्हणतात, तर भावच. 'इनव्हॉइस' नको, 'पट्टी'. बटणावर नेहमी क्रियापद आणि आदरार्थी: 'जतन करा', 'रद्द करा', 'पावती पाठवा'. वीस-पंचवीस शब्द होतील.

मटेरियल उचलावं का? हो, पण अर्धंच. तारीखनिवड, पॉपअप, निवड यादीची कीबोर्डवरची वागणूक या गोष्टी वर्षानुवर्षं घासून झालेल्या आहेत, त्या पुन्हा घडवू नका. त्यांच्यावर तुमचे टोकन चढवा, अक्षरांच्या शैली देवनागरीसाठी बदला. केंद्र सरकारची यूएक्सफोरजी ही अशीच तयार लायब्ररीही एकदा चाळा, सरकारी सेवांसाठी बनवलेली असली तरी भारतीय फॉर्म कसे मांडलेत ते बघायला बरी आहे. पूर्ण आयतं घेण्यात अडचण ही, की तुमच्या सात गोष्टींपैकी रकमेची ओळ आणि भावाची चौकट या दोन सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टी तिथे नाहीत.

कोडशी जोडताना फिग्मातली नावं आणि कोडमधली नावं अक्षरशः एक ठेवा. फिग्मात 'प्रायमरी' आणि कोडमध्ये 'मेन' असेल तर प्रत्येक स्क्रीनला कोणीतरी मनातल्या मनात भाषांतर करत बसतो. ही नावं इंग्रजीतच असू द्या, कोड तसाच लिहिला जाणार. वेबसाठी स्टोरीबुक या कंपोनंट मांडून दाखवायच्या साधनात प्रत्येक अवस्था लावून ठेवा. फ्लटर असेल तर विजेटबुक. आवृत्तीला तीन आकडे द्या, १.४.२ असे: शेवटचा दुरुस्तीला, मधला भर घातली की, पहिला जुनं मोडलं की. फिग्मात न कळता मोडतं ते बहुतेक लेयरच्या नावाने. कंपोनंटच्या आतल्या लेयरचं नाव बदललंत किंवा रचना हलवलीत तर दुसऱ्या फाइलींमध्ये लोकांनी लिहिलेला मजकूर मूळपदावर जाऊ शकतो. प्रकाशित करण्यापूर्वी एका चाचणी-फाइलमध्ये अपडेट घेऊन बघा. जुनं कंपोनंट लगेच पुसू नका, नावापुढे 'जुने' लावून दोन आवृत्त्या राहू द्या.

इथवरचं एका दमात: आधी मोजदाद, मग एक तासाची बैठक, मग दोन थरांचे टोकन, मग सात कंपोनंट, सगळे खऱ्या मराठी मजकुरावर. वेळ असा पडेल. उरलेल्यातला पहिला आठवडा मोजदाद, बैठक आणि टोकन. दुसऱ्यात बटण आणि मजकुराची चौकट, फिग्मात आणि कोडमध्ये बरोबरीने. तिसऱ्यात बाकीचे पाच, पण कोडमध्ये त्यातले दोन झाले तरी पुष्कळ. चौथ्यात पॅनलवरचा एकच स्क्रीन, सौदा नोंदवायचा, पूर्णपणे लायब्ररीवर हलवा. तिन्ही उत्पादनं सहा आठवड्यांत हलणार नाहीत; सरांना तो एक स्क्रीन आधी-नंतर असा दाखवा. हा बदल प्रत्यक्ष पॅनलवर सोडायची वेळ जपून निवडा. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक चढलेली असते, तेव्हा मुनिमाच्या सवयीची जागा हलवली तर तो तुमच्या लायब्ररीला कायमची नावं ठेवेल.

सोडण्यापूर्वी एक साधी तपासणी. स्वस्तातला अँड्रॉइड फोन घ्या, सेटिंगमध्ये अक्षरं सगळ्यात मोठी करा (अँड्रॉइड १४ पासून ती २०० टक्क्यांपर्यंत जातात), फोन उन्हात धरा आणि सातही कंपोनंट असलेलं एक पान उघडा. जे कापलं, जे दिसलं नाही, जे एकमेकांवर चढलं ते कागदावर लिहा. चष्मा लागलेला शेतकरी फोन असाच वापरतो.

तुमचा कोड कशात आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. फ्लटर आणि रिॲक्ट असं मिश्रण असेल तर कळवा, टोकनच्या फाइलची मांडणी थोडी वेगळी करावी लागेल. तिचा नमुना देतो.